सत्तर सेंटिमीटरचं दार

पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये चार किंवा सहा माणसांची लिफ्ट सर्रास दिसते. लिफ्टसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १४६६५ मध्ये, या दोन्ही आकारांच्या लिफ्टचं दार ७०० मिलिमीटर रुंद धरलं आहे. आठ आणि दहा माणसांच्या लिफ्टला ८०० मिलिमीटर. आता दोन बाळांना शेजारी-शेजारी बसवणाऱ्या बाबागाड्यांपैकी एक नावाजलेली गाडी घ्या, बेबी जॉगर कंपनीची ‘सिटी मिनी जीटी डबल’. तिची रुंदी सुमारे ७६ सेंटिमीटर. गाडी चांगली आहे, चाकं दणकट आहेत, झटकन मिटते. पण सहा माणसांच्या लिफ्टच्या दारातून ती उघडी आत जात नाही.

जुळ्यांसाठी बाबागाडी निवडण्याचा पेच या सहा सेंटिमीटरमध्ये आहे. एका बाळाची गाडी बहुधा पन्नास-साठ सेंटिमीटरची असते आणि घरात, लिफ्टमध्ये, दुकानात कुठेही शिरते. दुसरं बाळ आलं की गाडी रुंद तरी होते, लांब तरी होते, नाही तर एका बैठकीखाली दुसरी बैठक येते. यातलं आपल्याला काय चालेल हे दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. घराचं दार, लिफ्ट, सोसायटीचं फाटक आणि समोरचा पदपथ मोजला की कळतं. अनेक घरांत ही मोजणी गाडी आल्यावर होते. मग पाच आकडी किमतीची गाडी गॅलरीत उभी राहते आणि तिच्या दांड्यावर दुपटी वाळत पडतात.

असा पेच पूर्वीपेक्षा अधिक घरांत येतो आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ख्रिस्तियान मोंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरहून अधिक देशांची आकडेवारी गोळा करून २०२१ मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात मांडली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जगात दर हजार बाळंतपणांमागे सुमारे नऊ जुळी असत. २०१० ते २०१५ या काळात ती बारा झाली. दरवर्षी सोळा लाखांच्या आसपास जोड्या जन्मतात. जन्माला येणाऱ्या दर ४२ बाळांपैकी एक बाळ जुळं असतं. उशिरा येणारं मातृत्व आणि वंध्यत्वावरचे उपचार ही यामागची मोठी कारणं. या उपचारांचं मुंबईशी जुनं नातं आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आणि पुढच्या काळात आयव्हीएफ मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आलं. उपचारात एकाहून अधिक गर्भ गर्भाशयात सोडले तर जुळ्यांची शक्यता वाढते. सोनोग्राफीत दोन ठोके दिसतात आणि घरात दुप्पट तयारी सुरू होते.

बाबागाडी मुळात ऐटीची वस्तू होती. १७३३ मध्ये इंग्लंडमधले वास्तुरचनाकार विल्यम केंट यांनी डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती ओढायला शेळी किंवा छोटं तट्टू जुंपायचं. एकोणिसाव्या शतकात ती माणसाने ढकलायची झाली. सिल्व्हर क्रॉस ही आजही चालणारी कंपनी १८७७ मध्ये लीड्सजवळ सुरू झाली. या गाड्या जड होत्या, स्प्रिंगांवर डुलत, आणि त्या ठेवायला बंगल्यात जागा लागे.

ती गाडी सामान्य माणसाच्या हातात आली ओवेन मॅक्लारेन यांच्यामुळे. हे विमान अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. त्यांची मुलगी अमेरिकेहून बाळाला घेऊन इंग्लंडला आली तेव्हा प्रवासात जड गाडीमुळे तिचे किती हाल होतात हे त्यांनी पाहिलं. १९६५ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार करून पेटंटसाठी अर्ज केला. वजन अवघं सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. गाडी खांद्याला लटकवून जिना चढता येऊ लागला, हा खरा बदल होता. आज मुंबईत लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जाणाऱ्या आईला मॅक्लारेन यांचं काम जितकं समजेल तितकं कुणालाच समजणार नाही.

जुळ्यांच्या गाडीत हे वजन परत येतं. हलक्यातली हलकी जोडगाडी नऊ-दहा किलोची, भक्कम गाडी पंधरा किलोच्या आसपास. त्यात सहा-सात महिन्यांची दोन बाळं मिळून चौदा किलो, शिवाय दुधाच्या बाटल्या, लंगोट, पाणी, पिशवी. म्हणजे आई किंवा बाबा पंचवीस ते तीस किलो वजन ढकलत असतात. एकट्याने पायरी चढायची वेळ आली की गाडीची खरी परीक्षा होते.

शेजारी-शेजारी बैठका असलेल्या गाडीत दोन्ही बाळांना सारखी जागा, सारखा वारा, सारखं दिसणं मिळतं. एक रडलं तर दुसऱ्याचा हात त्याच्यापर्यंत पोचतो. वजन मागच्या चाकांवर नीट येतं, त्यामुळे हातदांडा दाबून पुढची चाकं उचलणं सोपं जातं. अडचण रुंदीची. यावर काही कंपन्यांनी मेहनत घेतली आहे. न्यूझीलंडच्या माउंटन बग्गी कंपनीची ‘ड्युएट’ ही जोडगाडी फक्त ६३ सेंटिमीटर रुंद आहे; सत्तरच्या दारातून ती जाते, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर सोडून. बुगाबूची ‘डाँकी’ एका बाळासाठी ६० आणि दोघांसाठी ७४ सेंटिमीटर होते. ड्युएटच्या अरुंदपणाची किंमत मुलं मोठी होताना कळते: अडीच वर्षांच्या अंगाने भरलेल्या मुलाला खांदे आखडून बसावं लागतं. तरीही ज्यांच्या लिफ्टचं दार सत्तरचं आहे आणि ज्यांना शेजारी-शेजारी बैठकाच हव्यात, त्यांच्यापुढे अशा अरुंद गाडीचाच पर्याय आहे. स्वस्तातल्या, दोन छत्री-गाड्या जोडल्यासारख्या दिसणाऱ्या जोडगाड्यांत आणखी एक गोष्ट बघायला हवी. जुळ्यांची वजनं बहुधा सारखी नसतात. एक साडेसात किलोचं, दुसरं सहा किलोचं असलं की हलक्या सांगाड्याची गाडी जड बाजूकडे ओढ घेते आणि ढकलणाऱ्याचं मनगट दुखतं.

मागे-पुढे बैठका असलेली गाडी दारातून सहज जाते, पण लिफ्टमध्ये मावेल याची खात्री नाही. त्याच भारतीय मानकात सहा माणसांच्या लिफ्टची आतली जागा ११०० बाय १००० मिलिमीटर आहे, चार माणसांची ११०० बाय ७००. आठ माणसांच्या लिफ्टलाही खोली ११०० मिलिमीटरच. सव्वा मीटर लांबीची गाडी सरळ घातली की दार मिटत नाही. नव्या टॉवरमधली तेरा माणसांची लिफ्ट रुंदीला दोन मीटर असते, पण खोलीला तीही ११०० मिलिमीटर. आत शिरून गाडी आडवी फिरवावी लागते, आणि आत आधीच दोन माणसं उभी असली तर ते जमत नाही. लिफ्टची खोली मोजण्याचं बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. रुंदीबरोबर तीही मोजावी.

तिसरा प्रकार म्हणजे एक बैठक वर आणि दुसरी तिच्याखाली पुढे. अप्पाबेबी कंपनीची ‘व्हिस्टा’ या प्रकारातली प्रसिद्ध गाडी आहे. तिची रुंदी साधारण ६५ सेंटिमीटरच राहते. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांत या गाड्या दिसतात आणि भारतात परतताना सामानाबरोबर येतात. दिसायला देखण्या, पण खालच्या बाळाचा विचार करावा लागतो.

हा विचार इंग्लंडच्या सरे विद्यापीठात प्राध्यापक प्रशांत कुमार यांच्या गटाने केला. बाबागाडीतलं बाळ जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटर उंचीवर श्वास घेतं. मोटारींचा धूर बाहेर पडतो तो एक मीटरच्या खालीच. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावर गाडीतल्या बाळाच्या वाट्याला येणारे प्रदूषक मोठ्या माणसाच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकतात, असा या गटाचा २०१८ मधला निष्कर्ष आहे. पुढच्या अभ्यासात त्यांनी एकेरी आणि दुहेरी गाड्या घेऊन मोजमाप केलं, तेव्हा दुहेरी गाडीच्या खालच्या बैठकीवर वरच्या बैठकीपेक्षा प्रदूषण अधिक आढळलं. पुण्यात सिंहगड रोडवर किंवा मुंबईत एलबीएस मार्गावर, रिक्षा आणि बसच्या रांगेला लागून चालताना हा फरक क्षुल्लक मानता येत नाही. दोन बाळांपैकी एकाला रोज खालची हवा द्यायची, हे कुठल्याही आईला रुचणार नाही. वर-खाली गाडी घेतलीच तर बाळांच्या जागांची नेमाने अदलाबदल करावी आणि मुख्य रस्ता सोडून आतली गल्ली धरावी.

प्रदूषणानंतर ऊन. आपल्याकडे उन्हात बाळाच्या गाडीवर दुपटं टाकणं इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही चुकत असेल असं वाटतही नाही. स्वीडनच्या ‘स्वेन्स्का डागब्लाडेट’ या वृत्तपत्राने २०१४ मध्ये गाडीवर पातळ कापड टाकून आतलं तापमान मोजलं. उघड्या गाडीत २२ अंश सेल्सिअस होतं. झाकल्यावर अर्ध्या तासात ३४ आणि तासाभरात ३७ झालं. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. कोरडं मलमल टाकलं की आतली उष्णता अडीच अंशांहून अधिक वाढते. तेच मलमल ओलं केलं आणि गाडीला बॅटरीवरचा छोटा पंखा लावला तर ती साडेचार अंशांहून अधिक उतरते. कापड मात्र पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा भिजवावं लागतं. नागपूर, जळगाव, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय कामाचा आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत पाणी उडून जायला वेळ लागतो, म्हणून तिथे तो तितका लागू पडणार नाही. तिथे सकाळ-संध्याकाळच बाहेर पडणं बरं. शेजारी-शेजारी बसलेल्या जुळ्यांमध्ये एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्यालाही लागते. म्हणून दोन बैठकांच्या मागच्या बाजूला वारा जाईल अशी जाळी आहे का, हे आधी बघावं. पावसाळ्यातलं प्लास्टिकचं आवरणही पाऊस थांबल्याबरोबर काढून टाकावं.

गाडी कधीपासून वापरायची, हा प्रश्न जुळ्यांच्या घरात वेगळा असतो. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. त्यामुळे डॉक्टर त्यांचं वय दोन पद्धतींनी सांगतात. आठ आठवडे आधी आलेलं बाळ कॅलेंडरप्रमाणे सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबाने चार महिन्यांचंच असतं. गाडीच्या खोक्यावर ‘सहा महिन्यांपासून’ असं लिहिलेलं असतं ते नऊ महिने पुरे करून आलेल्या, मान सावरलेल्या बाळाला धरून. अर्धवट बसल्या अवस्थेत लहान बाळाची मान पुढे झुकली तर श्वासाची वाट अरुंद होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चार महिन्यांखालच्या बाळांबाबत हा इशारा विशेष करून दिला आहे आणि गाडीत किंवा कार सीटमध्ये झोपवण्याची सवय लावू नये असं सांगितलं आहे. म्हणून पहिल्या काही महिन्यांसाठी दोन्ही बैठका पूर्ण आडव्या होत असतील तरच ती गाडी घ्यावी. बऱ्याच स्वस्त जोडगाड्यांत एकच बैठक आडवी होते, दुसरी अर्धी कलते. अशी गाडी मोठ्या बहिणीला आणि तान्ह्या भावाला पुरेल. जुळ्यांना पुरत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत सगळ्यात मोठा धडा मॅक्लारेन यांच्याच नावाच्या कंपनीने दिला. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत या कंपनीने सुमारे दहा लाख गाड्यांबाबत इशारा जाहीर केला. गाडी उघडताना-मिटताना बिजागरीत सापडून बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याचं समोर आलं होतं. २०१४ मध्ये ग्राको कंपनीलाही अशाच कारणासाठी जवळपास ४७ लाख गाड्यांबाबत तशी पावलं उचलावी लागली. जुळ्यांच्या घरात हा धोका अधिक, कारण गाडी मिटणाऱ्या माणसाच्या कडेवर एक बाळ असतं आणि दुसरं पायाशी उभं राहून हात घालत असतं. बिजागरीवर झाकण नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. २०१२ मध्ये पेग पेरेगो कंपनीच्या दोन लाखांहून अधिक गाड्या परत घेण्यात आल्या. पट्टे न बांधलेलं बाळ पुढचा ट्रे आणि बैठक यांच्या फटीतून खाली सरकून गळा अडकण्याचा धोका त्यांत होता, आणि एका बाळाचा जीव त्यात गेला होता. कमरेचे, खांद्यांचे आणि पायांमधला असे पाच ठिकाणचे पट्टे दोन्ही बैठकांना स्वतंत्र असावेत आणि पाच मिनिटांच्या फेरीतही बांधावेत. दांड्याला भाजीच्या पिशव्या अडकवू नयेत: बाळं उतरवली की पिशव्यांच्या वजनाने गाडी मागे कलंडते, आणि एक बाळ उतरवून दुसरं आत असताना कलंडली तर आणखी वाईट. युरोपचं मानक ईएन १८८८ हे २०१८ पासून दोन भागांत आहे, १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी एक आणि २२ किलोपर्यंतच्यांसाठी दुसरा. खोक्यावर हा आकडा दिसला तर तो कितव्या भागाचा आहे हे विचारावं.

गाडी दारातून निघाली, लिफ्टमध्ये मावली, तरी पुढे रस्ता आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, म्हणजे आयआरसी १०३ प्रमाणे, पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची कड १५० मिलिमीटरहून उंच नको. १.८ मीटरमध्ये ७६ सेंटिमीटरच्या दोन जोडगाड्या समोरासमोर येऊन सुखाने निघून जातील. प्रत्यक्षात विजेचा डबा, झाडाचा पार, फळांची हातगाडी, दुचाकी असं सगळं त्याच पट्ट्यात असतं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. हे चांगलं आहे. पण बाळाला लसीसाठी न्यायचा रस्ता बहुधा घरामागचा असतो आणि तिथे अजून बाबागाडी डांबरावरूनच चालते.

यात जुळ्यांच्या आयांची बाजू एकटी नाही. दुचाकी चढू नयेत म्हणून मुंबईच्या पदपथांवर उभे केलेले खांब व्हीलचेअरची वाट अडवतात, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. जिथून व्हीलचेअर जाते तिथून जोडगाडीही बहुधा जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळारहित, अपंगांना वापरता येतील असे पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमाखालचा हक्क असल्याचं म्हटलं.

बसमध्ये मात्र हे दोन हितसंबंध समोरासमोर येतात. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला निघाले होते. बसमधल्या राखीव जागेत एका बाईंची बाबागाडी होती, बाळ झोपलेलं होतं, आणि गाडी मिटत नाही म्हणून त्यांनी हलायला नकार दिला. पॉली यांना बसमध्ये चढता आलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चालकाने नुसती विनंती करून थांबू नये, त्यापुढे जाऊन आग्रह धरावा. तो निकाल रास्त वाटतो, कारण व्हीलचेअरवाल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. पण एकटी आई दोन बाळांसह असेल तर तिला एका हाताने गाडी मिटता येत नाही. दोन बाळं धरायला दोन हात लागतात. मुंबई लोकल आणि बहुतेक शहरी बसमध्ये म्हणूनच जोडगाडीचा विचार सोडून द्यावा. मेट्रोचं चित्र बरं आहे: पुण्यात मार्च २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत. तिथे सरकत्या जिन्यावर गाडी चढवण्याचा मोह टाळावा, चाक अडकलं तर दोन बाळं एकदम कोसळतात.

ज्यांचं फिरणं मुख्यतः बसने आणि रिक्षाने होतं त्यांना दोन वेगळ्या एकेरी गाड्या, किंवा एक हलकी गाडी आणि छातीशी बांधायची एक झोळी, हे जास्त उपयोगी पडतं. आजी-आजोबा घरात असतील तर दोन गाड्या दोघांनी ढकलता येतात, डॉक्टरकडे एकाच बाळाला न्यायचं असलं तर एकच गाडी बाहेर पडते, आणि मुलं चालू लागल्यावर एक गाडी नातेवाइकांत देऊन टाकता येते. दोन एकेरी गाड्या जोडायच्या क्लिपा मिळतात, पण जोडल्यावर रुंदी एक मीटरच्याही पुढे जाते. सोसायटीच्या आवारात त्या चालतील. जोडगाडीचा खरा उपयोग त्यांना, ज्यांच्या दाराबाहेर बाग किंवा रुंद रस्ता आहे, आणि जे दिवसातून एकदा दोन्ही बाळांना एकट्याने बाहेर नेतात. अशा आईसाठी ती गाडी म्हणजे कुणाची वाट न बघता घराबाहेर पडण्याची मुभा असते, आणि बाळंतपणानंतरच्या कोंडलेल्या महिन्यांत तिचं मोल फार मोठं आहे. त्यासाठी खर्च करायला मागेपुढे पाहू नये.

बाळ यायच्या आधी काही आणू नये, असं अनेक मराठी घरांत मानतात. जोडगाडीच्या बाबतीत ते सोयीचंच आहे. सातव्या महिन्यात मोजमाप करून ठेवावं आणि खरेदी बारशानंतर करावी. वापरलेली गाडी घ्यायला हरकत नाही. मॉडेलचं नाव आणि क्रमांक शोधून ती कधी परत मागवली गेली होती का ते बघावं, दोन्ही ब्रेक लावून उतारावर उभी करून पाहावी, पट्ट्यांची कुलपं दहा वेळा उघडून-लावून बघावीत, आणि दोन तांदळाच्या पिशव्या बसवून एका हाताने वळवून बघावी.

घरातल्या मापांनंतर उरते ती सोसायटीची पायरी. सार्वजनिक सुगमतेच्या नियमांत उताराचं प्रमाण बारास एक धरतात: सहा इंची तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लांब उतार लागतो. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत जुळ्यांच्या आई-बाबांनी गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आणि व्हीलचेअरवरच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन या अठरा फुटांची मागणी ठरावात लिहून द्यावी.